गाळा आपला, मॉल कुणाचा?

प्रश्न थोडक्यात असा: वडिलांनी २००८ साली निवृत्तीच्या पैशातून ठाणे जिल्ह्यातल्या एका मॉलमध्ये दुसऱ्या मजल्यावर १८० चौरस फुटांचा गाळा घेतला. पहिली तीन वर्षं बिल्डरने कबूल केल्याप्रमाणे पैसे दिले, मग दोनेक वर्षं एका टॅटूवाल्याने भाडं दिलं, त्यानंतर शटर खाली ते खालीच. आता मॉलच जवळपास बंद आहे, मेंटेनन्सची बिलं मात्र न चुकता येतात. घरात सगळ्यांचं एकमत आहे की ऑनलाइनने मॉल खाल्ले. पण मग कुर्ल्याच्या फिनिक्समध्ये रविवारी गाडी लावायला अर्धा तास का लागतो? मॉल संपले की नाही? आणि या गाळ्याचं करायचं काय?

मी या धंद्यात २००१ पासून आहे. सुरुवात एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये अत्तरांच्या काउंटरवर झाली. मग मॉलमध्ये जागा भाड्याने लावायचं काम, म्हणजे लीजिंग, केलं आणि पुढे दोन मॉलची व्यवस्थापक झाले. त्यातला एक अजून जोरात चालतो. दुसऱ्याचं मुख्य शटर शेवटच्या दिवशी मी उभी राहून ओढून घेतलं. दोन्ही एकाच शहरात, एकाच काळात बांधलेले, आणि ऑनलाइन कंपन्या दोघांच्याही गिऱ्हाइकांना सारख्याच सवलती देत होत्या. तेव्हा तुमच्या घरातलं उत्तर मला पटत नाही. मॉल संपलेले नाहीत. गाळे पाडून विकलेले मॉल संपले, आणि वडिलांनी घेतला तो गाळा तशाच मॉलमधला आहे.

हे समजायचं तर मॉलचं भाडं कसं चालतं ते बघावं लागेल. दादरच्या रानडे रोडवर किंवा पुण्याच्या तुळशीबागेत दुकानं शेकडो मालकांची आहेत, तरी बाजार चालतो. कारण तिथे माणसांचा ओघ आधीपासून आहे. दादरला तो स्टेशन आणून सोडतं. एखाद्याने दुकान महिनाभर बंद ठेवलं तर शेजाऱ्याचं काही बिघडत नाही. उलट त्याच्या पायरीवर एखादा रुमालवाला बसतो. मॉलमध्ये हा ओघ आयता नसतो, तो तयार करावा लागतो. गिऱ्हाईक दारातून आत आलं की शेवटच्या टोकापर्यंत आणि वरच्या मजल्यापर्यंत गेलं पाहिजे, म्हणून त्या टोकांना मोठी आकर्षणं ठेवतात: सुपरमार्केट, कपड्यांचं मोठं दुकान, सगळ्यात वर सिनेमा आणि फूड कोर्ट. धंद्यात त्यांना अँकर म्हणतात. अँकर अगदी कमी दराने येतो. त्याच्या वाटेवर असलेले छोटे गाळे चौरस फुटाला त्याच्या तिप्पट, चौपट, कधी त्याहून जास्त देतात, कारण अँकरकडे जाणारी माणसं त्यांच्या दारावरून जातात. म्हणजे छोट्या गाळ्यांच्या भाड्यावर अँकर पोसायचा, आणि अँकरच्या गर्दीवर छोटे गाळे.

हे जमायला सगळ्या जागेचा मालक एक असावा लागतो. एका खिशातून गेलं ते दुसऱ्यात येतं, मग त्याला फरक पडत नाही. तुमच्या मॉलमध्ये अँकरच्या जागेलासुद्धा साठ-सत्तर मालक होते, आणि प्रत्येकाला आपापल्या गाळ्याचं पूर्ण भाडं हवं होतं. शेजाऱ्याचा धंदा वाढावा म्हणून माझा गाळा स्वस्तात कोण देईल? मी मालक असते तर मीही दिला नसता.

एक अनुभव सांगते. साल सांगत नाही, मॉलचं नावही नाही. तळमजल्याच्या मागच्या अंगाला वीस हजार चौरस फूट जागा मागत एक मोठी सुपरमार्केट साखळी आली होती. ती आली असती तर मॉल तरला असता, यात मला तेव्हाही शंका नव्हती. त्या जागेत त्रेसष्ट गाळे होते. चार महिने मी फोन केले, चहा पाजला, घरी जाऊन आले. अठ्ठावन्न जण तयार झाले. उरलेल्या पाचांत एक मस्कतला, फोन वाजायचा पण कुणी उचलायचं नाही. एका गाळ्यावरून दोन भावांचा दावा चालू. एका बाईंना वास्तुशास्त्राप्रमाणे गाळ्याची भिंत पाडायची नव्हती. उरलेले दोघे म्हणाले, बाकीच्यांचं होऊ द्या, मग आम्ही जास्त दराने देऊ. साखळीने रस्त्यापलीकडे एका रिकाम्या प्लॉटवर दुकान काढलं, आणि आमच्या मॉलच्या पार्किंगमध्ये तिथली गिऱ्हाइकं गाड्या लावू लागली.

मग पुढचं ठरलेलंच. जो तो मिळेल त्याला गाळा देतो. लग्नाच्या लेहेंग्यांच्या दुकानाशेजारी मोबाइल दुरुस्ती, त्यापुढे ट्यूशन क्लास, त्यापुढे पासपोर्टचे फॉर्म भरून देणारा. चांगलं दुकान करार संपताच निघून जातं. रिकाम्या गाळ्याचा मालक मेंटेनन्स भरणं थांबवतो. पैसे कमी पडले की वातानुकूलन दुपारी बारापर्यंत बंद, मग फक्त शनिवार-रविवारी चालू. सरकते जिने वर जाणारे चालू ठेवतात, खाली येणारे "दुरुस्तीसाठी बंद". मधल्या चौकात लहान मुलांची बॅटरीवर चालणारी गाडी फिरायला लागते. बँक आपलं एटीएम उचलून नेते. माझ्यापुरतं सांगायचं तर मी कुठल्याही मॉलमध्ये आधी दुसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहात जाऊन येते. तिथला वास हिशेबाच्या वह्यांपेक्षा लवकर सांगतो. सिनेमा सहसा शेवटपर्यंत तग धरतो, पण तोही किती? पीव्हीआर आयनॉक्सने २०२३ मध्ये पन्नासेक पडदे बंद करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा कारणांत तोट्याबरोबर हेही स्पष्ट होतं की त्यांतले काही अखेरच्या घटका मोजणाऱ्या मॉलमध्ये आहेत.

नाइट फ्रँक या सल्लागार कंपनीने चाळीस टक्क्यांहून जास्त जागा रिकामी असलेल्या मॉलना भूत मॉल म्हणून मोजलं. देशातल्या आठ मोठ्या शहरांत २०२२ मध्ये असे ५७ होते, २०२३ मध्ये ६४ झाले. जागा मिळून १ कोटी ३३ लाख चौरस फूट. त्यात सगळ्यात मोठा वाटा दिल्ली परिसराचा, मग मुंबईचा. दिल्ली-गुरुग्रामचं नाव वर असण्यात आश्चर्य नाही. गाळे पाडून विकायची पद्धत तिथे आपल्याहूनही जोरात होती.

बिल्डर गाळे विकायचेच का, हा प्रश्न वडिलांनी तेव्हा विचारायला हवा होता, पण तेव्हा कुणीच विचारत नव्हतं. मॉल बांधून भाड्यावर ठेवायचा तर पैसे पंधरा-वीस वर्षांत हळूहळू येतात आणि कर्जाचं व्याज पहिल्या महिन्यापासून. गाळे विकले की पैसे आजच हातात. शिवाय विकत घ्यायला मध्यमवर्ग रांगेत उभा होता: बँकेतून, शाळेतून, एसटीतून निवृत्त झालेले, दुबईला असलेले, डॉक्टर मंडळी. "मॉलमध्ये आपलं दुकान" या शब्दांना २००५ ते २००८ मध्ये काय वजन होतं ते मी पाहिलं आहे.

त्यावर "बारा टक्के हमी परतावा, तीन वर्षं" ही गोळी. तुमच्या वडिलांनाही बहुधा तीच मिळाली होती. गणित बघा. समजा गाळ्याची खरी किंमत वीस लाख. तो अठ्ठावीसला विकला. अठ्ठावीसवर बारा टक्के म्हणजे वर्षाला तीन लाख छत्तीस हजार, तीन वर्षांत दहा लाख आठ हजार. त्यातले आठ लाख तुमचेच, किमतीत आधीच वाढवून घेतलेले. उरलेले दोन लाख आठ हजार म्हणजे तुमचे अठ्ठावीस लाख बिनतारण वापरल्याचं व्याज. असं स्वस्त कर्ज त्याला कुठल्याही बँकेने दिलं नसतं. आणि त्या तीन वर्षांत गाळ्यात भाडेकरू आहे की नाही, हे बघायची गरज ना त्याला वाटली ना तुम्हाला. चौथ्या वर्षी दोघांचेही डोळे उघडले, पण बिल्डर तोवर पुढच्या प्रकल्पावर होता.

भांडुपचा ड्रीम्स मॉल हे याचं सगळ्यात वाईट टोक. २००९ चा मॉल, हजाराच्या आसपास छोटे गाळे, तितकेच मालक, कारभारावरून भांडणं कंपनी कायदा न्यायाधिकरणापर्यंत गेलेली आणि तिथून प्रशासक नेमलेला. बरेच गाळे ओस, आणि वरच्या मजल्यावर एक रुग्णालय. मार्च २०२१ मध्ये, कोविडच्या लाटेत, रात्री खालच्या मजल्यावर आग लागली आणि धूर वर रुग्णांपर्यंत गेला. माणसं गेली. त्या इमारतीची बातमी ऐकली तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो आगीचा नव्हता. अग्निशमनाचा पंप चालू ठेवायचं वीजबिल भरणं कुणाच्या नावावर होतं, हा होता. ज्या इमारतीला हजार मालक असतात तिथे असल्या प्रश्नाला उत्तर नसतं.

आता तुम्ही म्हणाल, एकच मालक असलेले मॉलही बुडाले की. बुडाले. हाजीअलीचं क्रॉसरोड्स आठवतंय का? १९९९ साली पिरामल समूहाने काढलेला, मुंबईचा पहिला खरा मॉल. पहिल्या दिवसांत गर्दी एवढी की क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल फोन दाखवणाऱ्यालाच तसंच आत सोडायचे, बाकीच्यांकडून प्रवेशाचे पैसे. लोक सरकत्या जिन्यावर बसायला, म्हणजे उभं राहायला, आले होते. पिशवी हातात घेऊन बाहेर पडणारे थोडे. पुढे तो फ्यूचर समूहाकडे गेला आणि सोबो सेंट्रल झाला, तरी त्याची चमक परत आली नाही. थोड्या अंतरावर लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात एकेक इमारत जोडत, एकेक भाडेकरू बदलत जे उभं राहिलं त्याने दक्षिण मुंबईचं गिऱ्हाईक ओढून घेतलं. ही सरळ स्पर्धा होती. एक मॉल दुसऱ्याने मारला. त्यात रडण्यासारखं काही नाही, दुकानदारीत हे चालायचंच.

फरक असा की एकाच मालकाच्या मॉलला चुकलं तर दुरुस्त करता येतं. आमच्या चालणाऱ्या मॉलमध्ये बहुतेक करार "ठरलेलं किमान भाडं किंवा विक्रीचा टक्का, जे जास्त असेल ते" असे आहेत. म्हणून प्रत्येक दुकानाची रोजची विक्री मला संध्याकाळी कळते. कुठलं दुकान सलग सहा महिने घसरतंय ते त्याच्या मालकाआधी मला दिसतं. करार संपताना मी त्याला कोपऱ्यात हलवते, किंवा निरोप देते आणि तिथे कॉफीवाला आणते. वर्षाला पंधरा-वीस दुकानं अशी बदलतात, गिऱ्हाइकाला कळतही नाही. कोविडमध्ये महाराष्ट्रातले मॉल मार्च २०२० पासून थेट ५ ऑगस्टला उघडले, तेही सिनेमा आणि फूड कोर्ट वगळून, आणि २०२१ मध्ये पुन्हा बंद झाले. त्या काळात आम्ही कित्येकांचं किमान भाडं सोडून दिलं, नुसत्या टक्क्यावर ठेवलं, आणि ते टिकले. गाळेवाल्या मॉलमध्ये हा निर्णय घ्यायला बसलं कोण असतं? आपल्या भाडेकरूची महिन्याची विक्री किती, हे वडिलांना त्या टॅटूवाल्याने कधी सांगितलं होतं का?

अमेरिकेचं नाव या चर्चेत हटकून निघतं, मृत मॉलचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. तिथलं दुखणं वेगळं. व्हिक्टर ग्रुएन या मूळच्या व्हिएन्नाच्या वास्तुरचनाकाराने १९५६ मध्ये मिनेसोटात साउथडेल हा पहिला बंदिस्त, वातानुकूलित मॉल बांधला. त्याच्या डोक्यात उपनगरातल्या लोकांना गावचा चौक द्यायचा होता, भोवती घरं, शाळा, दवाखाने. झालं फक्त दुकानांचं खोकं आणि सभोवती डांबरी वाळवंट. म्हातारपणी त्याने या पोरांचं बापपण नाकारलं. तोवर मॉल का वाढले तर १९५४ पासून नव्या व्यापारी इमारतींवर सुरुवातीच्या वर्षांत जास्त घसारा दाखवून कर वाचवता यायचा. गिऱ्हाईक असो नसो, बांधणं फायद्याचं. इतकं बांधलं की माणशी दुकानांची जागा आपल्या कित्येक पट झाली. तिथे ऑनलाइन आलं नसतं तरी निम्म्यांना कुलूप लागायचंच होतं. आपल्याकडे चांगल्या मॉलची जागा उलट कमी पडते. कुर्ल्याची रांग त्यामुळेच.

सिअर्सची गोष्ट मात्र मी नव्या मुलांना मुद्दाम सांगते. अमेरिकेचं हे जुनं, अवाढव्य डिपार्टमेंट स्टोअर मुळात टपालाने माल विकून वाढलं. त्यांनी आपला जाडजूड कॅटलॉग १९९३ मध्ये बंद केला. अॅमेझॉन सुरू झाली १९९४ मध्ये. घरबसल्या ऑर्डर आणि घरपोच माल, हे ज्यांना शंभर वर्षं येत होतं त्यांनीच ते वर्षभर आधी सोडून दिलं. पण मला त्याहून बोचतो तो २०१५ चा व्यवहार. हातात पैसा हवा म्हणून त्यांनी स्वतःच्या मालकीच्या दोनशेहून जास्त जागा एका वेगळ्या कंपनीला विकल्या आणि त्याच दुकानांत भाडेकरू म्हणून राहिले. ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. जमीन होती तोवर वाईट वर्षं निघून जायची. भाडं चालू झाल्यावर वाईट वर्ष परवडेना.

आपल्याकडे याचा जुळा भाऊ म्हणजे बिग बझार. २००१ पासून २६ जानेवारीच्या सेलच्या त्या चेंगराचेंगरीपर्यंत आणि पुढे, आपल्या आया-मावश्यांना ट्रॉली ढकलायला त्यांनीच शिकवलं, हे श्रेय कुणी काढून घेऊ नये. पण दुकानं बहुतेक भाड्याची आणि वाढ कर्जावर. कोविडने विक्री थांबवली, भाडं थकलं. २०२० मध्ये रिलायन्सला विकायचा करार झाला तो अॅमेझॉनशी चाललेल्या कोर्टकज्ज्यात अडकला. दरम्यान कित्येक जागांचे भाडेकरार रिलायन्सने स्वतःच्या नावावर करून घेतले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी त्या दुकानांचा ताबा घेतला आणि पाट्या बदलल्या. म्हणजे देशातल्या एवढ्या मोठ्या साखळीचा शेवट ठरला तो पायाखालची फरशी कुणाच्या नावावर आहे यावर.

याउलट डीमार्ट बघा. राधाकिशन दमाणींनी पवईला २००२ मध्ये पहिलं दुकान काढलं. शक्य तिथे जागा विकत घ्यायची, मॉलच्या नादी लागायचं नाही, दुकानात सजावट नाही, सरकता जिना असला तर नशीब. तेव्हा आम्ही लीजिंगवाले त्यांना हसायचो. माझ्या वरिष्ठांनी त्यांच्या माणसाला "मॉलमध्ये आलात तर तुमची प्रतिमा सुधारेल" असं समजावल्याचं मला आठवतं. तो गृहस्थ शांतपणे म्हणाला होता, "प्रतिमेला तूरडाळ लागत नाही, मॅडम."

माझ्या अत्तरांच्या काउंटरबद्दलही सांगते, कारण डिपार्टमेंट स्टोअर का आटलं ते मी आतून पाहिलं. मुंबईला हे नवं नव्हतं. फोर्टमधलं अकबरअलीज कित्येक पिढ्यांनी पाहिलं, गिरणगावाने नायगावचं अपना बाजार पाहिलं. १९९१ मध्ये अंधेरीला शॉपर्स स्टॉप आलं आणि थंडगार हवेत, कुणी "काय पाहिजे ताई" न विचारता, कपड्यांना हात लावून बघायची चैन मिळाली. पण आम्हा काउंटरवरच्या मुलींपैकी निम्म्यांचा पगार दुकान देत नसे, अत्तराची कंपनी देई. माल कंपनीचाच, विकला गेला नाही तर परत. दुकान म्हणजे खरं तर टक्का घेऊन जागा देणारा मधला माणूस. सगळे ब्रँड एका छपराखाली बघायला मिळत होते तोवर त्या टक्क्याला अर्थ होता. मग त्याच ब्रँडनी त्याच मॉलमध्ये समोर स्वतःची दुकानं काढली, पाठोपाठ स्वतःची ॲप. गिऱ्हाईक आमच्याकडे अत्तर मनगटावर लावून बघायचं आणि फोनवर मागवायचं. मग सेल. आधी वर्षातून दोनदा पंधरा दिवस, नंतर महिनाभर, नंतर संपतच नाही असा. जे फक्त स्वतःचाच माल विकतात त्यांना हा ताप नाही. टाटांच्या वेस्टसाइडमध्ये जवळपास सगळं त्यांचंच, दुसरीकडे भाव पडताळायची सोय नाही. त्यांच्या झुडिओला तर ऑनलाइन विक्रीचीही गरज वाटलेली नाही, आणि ते मॉलइतकेच खुशाल हमरस्त्यावर, तालुक्याच्या गावात दुकान मांडतात. कॉलेजातली मुलं तिथे रांग लावून कपडे घेतात. ऑनलाइनने दुकान खाल्लं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या रांगेत उभं राहावं. पुस्तकं, सीडी, मोबाइल, कॅमेरे यांची दुकानं ऑनलाइनने नेली, हे खरं. बाकीच्यांचा खून दुसऱ्याने केला आणि नाव ऑनलाइनवर गेलं.

आता तुमचा गाळा.

पहिलं, कागद. नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला त्या व्यवहाराचा उतारा), इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराच्या पावत्या, अग्निशमनाचा ना-हरकत दाखला शेवटचा कधी नूतन झाला ते. करारातलं १८० हे विक्रीयोग्य क्षेत्र असणार, म्हणजे जिने-वाटांचा वाटा धरून; प्रत्यक्ष वापरायचं चटई क्षेत्र शंभरच्या आसपास निघेल. टेप घेऊन मोजा. आणि जमीन अजून कुणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर बघा. बहुतेक वेळा ती बिल्डरच्याच नावावर सापडते. इथे लोकांचा एक गैरसमज असतो की मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरने सही केली नाही तरी जमीन संस्थेच्या नावावर करून घेणं, फक्त राहत्या सोसायट्यांसाठी आहे. १९६३ च्या महाराष्ट्राच्या मोफा कायद्यात "फ्लॅट" या शब्दाच्या व्याख्येतच कार्यालय, शोरूम, दुकान आणि गोदाम येतं. गाळेधारकांची संस्था असेल तर ती अर्ज करू शकते. नसेल तर आधी संस्था. रेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नियामकाकडे, धाव घेऊन उपयोग नाही, तुमचा मॉल त्याच्या कितीतरी आधी पुरा झालेला आहे.

दुसरं, मेंटेनन्स. ही आकारणी विक्रीयोग्य क्षेत्रावर होते. समजा चौरस फुटाला बारा रुपये, तर महिना २१६० आणि वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे साधारण २५५०. न बोलता भरणं थांबवू नका. थकबाकी व्याजासकट वाढते आणि गाळा विकताना नेमकी आडवी येते. बंद जिन्याचे आणि बंद वातानुकूलनाचे पैसे कशाबद्दल, हे लेखी विचारा, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा, सर्वसाधारण सभेला वडिलांना पाठवू नका, तुम्ही जा. अशा सभांत दहा-बारा डोकी असतात आणि त्यांतले चारजण बिल्डरचे. तुम्ही वीस जण घेऊन गेलात तर कारभार पुढच्या सभेत बदलतो, मी बदललेला पाहिला आहे.

तिसरं, भाडं. एकट्या गाळ्याला दुसऱ्या मजल्यावर दुकानदार मिळणार नाही, ती आशा सोडा. ओळीतले दहा-पंधरा मालक मिळून एकाच भाडेकरूला, एकाच लिव्ह अँड लायसन्स करारावर द्या: लेखापालाचं कार्यालय, स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका, व्यायामशाळा. वापर बदलायला आणि मधल्या भिंती काढायला पालिकेची आणि अग्निशमन दलाची परवानगी लागते. ती नसताना दवाखाना, वसतिगृह किंवा गोदाम लावायला कुणी आलं तर तिप्पट भाड्यालाही नाही म्हणा. भांडुप विसरू नका. रस्त्याला लागून असलेल्या तळमजल्याचं नशीब मात्र सध्या उघडलंय. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवाल्या कंपन्या माल ठेवायला तशाच जागा शोधत असतात. ज्यांनी मॉल खाल्ले म्हणतात तेच आता मॉलचे भाडेकरू.

आणखी एक, पुन्हा कुणी "हमी परतावा" घेऊन दारात आलं तर दार लावून घ्या. वडिलांना मॉलच्या भाड्यात वाटा हवाच असेल, तर मे २०२३ पासून नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट हा मॉलांचा आरईआयटी, म्हणजे भाड्याचं उत्पन्न युनिटधारकांत वाटणारा ट्रस्ट, शेअर बाजारात आहे; सीवूड्स स्टेशनवरचा मॉल त्यातलाच. युनिट शंभर रुपयांच्या आसपास निघालं होतं. ते घ्या असं मी म्हणत नाही, भाव खाली-वर होतो. पण २००८ मध्ये जे त्यांना हवं होतं, म्हणजे सबंध मॉलच्या भाड्यातला छोटा हिस्सा आणि चालवणारा एकच, ते असं दिसतं. त्यांना मिळाली ती चार भिंतींची खोली.

विकायचा असेल तर घाई नको. तुमच्या गाळ्याला दुकान म्हणून आज किंमत नाही, पण इमारतीखालच्या जमिनीला आहे, आणि ती संस्थेच्या नावावर झाली की तुमचा वाटा त्या जमिनीत आहे. पुनर्विकासासाठी अशी इमारत हवी असलेला माणूस जाहिरात देत नाही. तो कंटाळलेल्या मालकांकडून एकेक गाळा कवडीमोलाने उचलतो, कधी पुतण्याच्या नावावर, कधी नव्या कंपनीच्या. म्हणून इंडेक्स टू काढायला नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर बसाल तेव्हा फक्त आपला शोधून उठू नका. त्याच इमारतीतले गेल्या तीन वर्षांतले सगळे व्यवहार काढा आणि खरेदीदारांची नावं एका कागदावर लिहा. एकच नाव किंवा एकच पत्ता चार-पाचदा आला, तर तुम्ही त्यांना फोन करू नका. त्यांचाच येईल.